रड्या

"सगळ्यात लांबचं दिसेल अशी दुर्बीण दाखवा," गिऱ्हाईक म्हणालं, आणि काउंटरखाली वाकलेली दुर्बीणबाई तशीच वाकून राहिली. आवाज ओळखीचा होता. नुसता ओळखीचा कसला, सात वर्षं त्या आवाजाच्या तालावर नाचली होती ती.

ती उठून उभी राहिली. समोर नवरा. म्हणजे एके काळचा. पोट सुटलं होतं, केस मागे सरले होते, हनुवटी मात्र अजून तशीच वर.

"तू? इथे?"

"इथेच. बोला, काय हवंय?"

त्याला परत फिरायचं होतं, हे तिला स्पष्ट दिसलं. पण फिरला तर घाबरला असं झालं असतं, आणि तेवढं त्याला कधीच परवडलं नव्हतं.

"बायकोसाठी हवीय," तो म्हणाला. "तिला आकाश बघायचं खूळ लागलंय. संध्याकाळ झाली की गच्चीवर मान वर करून उभी. पहिलीच दुर्बीण आहे, पण भारीतली दे. किती लांबचं दिसतं तेवढं सांग."

हा प्रश्न प्रत्येक नवखा विचारतो. तिचं उत्तरही ठरलेलं असे. "चांदणी नुसत्या डोळ्यांनी दिसते ना? मग आणखी किती लांब जायचंय?" गिऱ्हाईक हसलं की ती त्याला खुर्चीवर बसवून समजावायची. खोक्यावरचा आकडा बघू नका, दुर्बिणीचं तोंड बघा. तोंड रुंद तेवढा उजेड जास्त. आणि पाय घट्ट हवेत. मग ती समोर ठेंगू नावाची दुर्बीण ठेवायची. बुटका, जाडजूड, स्टुलावर मांडी ठोकून बसणारा. चष्म्याच्या त्या दुकानात अशी तिनं कितीतरी माणसं आकाशाला लावून दिली होती, म्हणून तर तिचं नाव दुर्बीणबाई पडलं.

आज मात्र ती सगळ्यात खालच्या फळीकडे वळली. तिथे रड्या होता. मोठं चकचकीत खोकं, वर कडीवाल्या ग्रहाचं चित्र आणि 'पाचशे पंचवीस पट' असा ठळक आकडा. आत बारीक नळी आणि काटक्यांसारखे तीन पाय. बोट लागलं की अख्खं आकाश थरथरायचं, आणि पट वाढवली की उरायचा नुसता काळोख. जो नेई तो रडत परत येई, म्हणून दुकानाच्या मालकांनी, काकांनी, त्याचं नाव रड्या ठेवलं होतं. मागितल्याशिवाय दाखवायचा नाही, अशी त्यांची सक्त ताकीद होती.

तिनं खोक्यावरची धूळ पुसली. "पाचशे पंचवीस पट. नवशिक्याला याहून भारी काही नाही."

आकडा वाचून तो खूश झाला. निघताना दारात थबकला आणि म्हणाला, "सुधारलीस की! तेव्हा तुला साधा कुकर धड लावता यायचा नाही."

मनात कुठे तिळाएवढी दया उरली असेल, तर तीही गेली.

आत चष्म्याच्या काचा घासत बसलेल्या काकांनी मान बाहेर काढली. "रड्या दिलास? तू?"

"गिऱ्हाईकाच्या लायकीचं दिलं."

"कोण होता गं?"

"माझ्या जन्माचं वाटोळं करणारा."

काकांनी मान आत घेतली. हातातली काच त्यांनी जरा जास्तच घासली.

वाटोळं म्हणजे काय, तर सात वर्षांत घरात पाळणा हलला नाही, आणि त्यानं एकच पालुपद धरलं, 'तुझ्यातच खोट आहे.' सासूनं ते उचललं, नणंदेनं उचललं, शेवटी सख्ख्या आईनंही उचललं. इतक्यांनी इतक्या वेळा म्हटल्यावर तिलाही ते खरं वाटायला लागलं. मग एक दिवस त्यानं तिला बाहेर काढलं आणि दुसरी आणली. तेव्हापासून तिचं देवाकडे एकच मागणं होतं, याचं कधी भलं होऊ नये. देवानं काही केलं नाही. आता तिनं केलं.

गच्चीवर तो रड्याशी झटापट करतोय, काळोखात डोळा घालतोय, बायकोसमोर तोंडघशी पडतोय, हे मनाशी रंगवत ती दिवसभर गुणगुणत राहिली. बस म्हणावं बोंबलत!

पुढच्या आठवड्यात, भर दुपारी, एक हडकुळी बाई ते खोकं दोन्ही हातांनी कवटाळून दुकानात आली. काठीला लुगडं नेसवावं तशी.

"परत करायला नाही आले हं," ती आधीच घाईघाईनं म्हणाली. "मला शिकवाल का? मला काही केल्या जमत नाही. हे म्हणतात, यंत्र एक नंबर आहे, दुकानातल्या बाईनं सगळ्यात भारी दिलंय. तुझ्यातच खोट आहे."

दुर्बीणबाईच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"रोज लावून बघितलं हो. काहीच दिसेना. हे रोज विचारायचे, दिसलं का? शेवटी काल खोटंच सांगितलं, दिसलं म्हणून."

"घरात मुलंबाळं?" दुर्बीणबाईनं विचारलं. विचारायचं नव्हतं, पण जीभ थांबली नाही.

"नाहीत." बाईची मान खाली गेली. "तेही माझ्यामुळेच. डॉक्टर म्हणतात, दोघांनी या. हे म्हणतात, मी कशाला येऊ?"

हेच ऐकायला तर ती इतकी वर्षं जीव धरून होती! कुणी हे सांगितलं तर पेढे वाटीन, असं तिनं कितीदा म्हटलं होतं. आणि आता समोर ही आपली मान खाली घालून उभी. नेम धरला होता नवऱ्यावर आणि दगड लागला हिला. त्याच्या हातात हिला हाणायला आणखी एक काठी दिली होती तिनं. रडीचा डाव खेळली होती ती. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि त्याच्यावरचा राग दुप्पट झाला.

तिनं ठेंगू उचलला, स्टूल उचललं आणि बाईला दुकानाच्या मागच्या अंगणात नेलं. निळ्या आभाळात दिवसाचा फिका चंद्र वर आला होता. तिनं ठेंगू त्याच्यावर रोखला, काच फिरवली आणि बाजूला झाली.

बाईनं डोळा लावला.

"अगं बाई! खड्डे!"

"ते चंद्राचेच. तुझ्या डोळ्यांचे नाहीत."

"म्हणजे मला दिसतंय?"

"आधीपासूनच दिसत होतं. खोट त्या यंत्रात होती. मला माहीत होतं, तरी दिलं." दुर्बीणबाईनं श्वास घेतला. "मी त्याची पहिली. मलाही हेच ऐकवायचा. आणि डॉक्टरकडे तेव्हाही आला नव्हता."

बाईनं डोळा काढला आणि तिच्याकडे बघितलं. आता ही शिव्या देईल, असं दुर्बीणबाईला वाटलं. द्यायला हव्यातच, असंही वाटलं. पण बाईनं ओठ दाबले, ती पुन्हा वाकली आणि तिनं पुन्हा चंद्र बघितला. पोटभर बघितला.

"हा घेऊन जा," दुर्बीणबाई म्हणाली. "माझ्या पगारातून कापतील काका. आणि तो रड्या ठेव इथेच."

"रड्या?" नाव ऐकून बाईला हसू फुटलं. बहुतेक पुष्कळ दिवसांनी फुटलं असावं, कारण ते नीट थांबेना. मग डोळे पुसून ती म्हणाली, "नको. तोही नेते. आज ह्यांच्या हातात देते आणि म्हणते, तुमचे डोळे चांगले आहेत ना, तुम्हीच लावून दाखवा. दिसेपर्यंत मी जेवायला वाढणार नाही."

"आणि नाहीच दिसलं तर?"

"तर डॉक्टर आहेतच," बाई म्हणाली.

ती निघाली. रड्याचं खोकं तिनं काखेत मारलं होतं आणि ठेंगू छातीशी धरला होता. रस्ता ओलांडताना ती मधेच थांबली आणि चंद्र अजून आहे ना, हे तिनं मान वर करून बघितलं. मागून एका गाडीवाल्यानं हॉर्न वाजवला. ती हलली नाही. तिचं बघून झालं, मगच ती पुढे गेली.