भजनाक जातंय

सर्वेशने टाळांची दोरी बोटांना गुंडाळली आणि ती पुन्हा सुटली. कट्टा गावाहून निघालेली रिक्षा मालवणच्या किनाऱ्याकडे वळत होती.

"तशी नाय रे, घट्ट धर," जानकी म्हणाली. तिला तरी कुठे येत होतं? पण सांगायला काय जातंय!

सोनल उसनी आणलेली बाजाची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. तिघांचं भजनी मंडळ, आणि एकालाही धड सूर लागत नव्हता.

कसालला जानकीच्या शिलाईच्या दुकानामागे एक खोली आहे. महिन्यातून एका रविवारी सात-आठ जण तिथे जमायचे. पुरुषावर जीव जडलेले पुरुष, बाईवर जीव जडलेल्या बायका, आणि जन्माच्या नावाला रामराम ठोकून जानकी झालेली जानकी. चहा, भजी, थट्टामस्करी, मधूनच कुणाचं तरी रडणं. घरी सांगायचं, 'भजनाक जातंय.' भजनाला निघालेल्याला आपल्याकडे कोण अडवतो? ही युक्ती प्रितेशची, म्हणून सगळे त्याला बुवा म्हणत. बुवा सगळ्यांचा होता, पण प्रितेश सर्वेशचा होता.

त्या बुवाला लेप्टोच्या तापाने नेलं. सर्वेशला ते कुणाच्या तरी स्टेटसवरच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'वरून कळलं. तोवर राखही समुद्रात गेली होती. भजनातल्या मित्राला कळवायचं कुणाला सुचणार! आणि मग प्रितेशच्या नंबरवरून त्याच्या आईचा, गोदूबाईचा, फोन आला.

"बाराव्याक तुमचा मंडळ येवक होया. माझ्या झिलान सगळा सोडल्यान, पण तुमचा भजन नाय सोडल्यान."

सर्वेशला नाही म्हणता आलं नाही. प्रितेश जिथे झोपायचा, जेवायचा, ते घर त्याला एकदा बघायचं होतं. पण बिंग फुटलं तर? मेलेल्या पोराची अख्ख्या वाडीत शोभा, आणि म्हातारीने उद्या मासळीबाजारात कुठल्या तोंडाने बसायचं? म्हणून तर जानकीने आज साडी सोडून जुना शर्ट चढवला होता. चढवताना तिने आरशाकडे पाठ केली होती.

घरापुढच्या खळ्यात वाडीतली माणसं बसली होती. गोदूबाई उठून पुढे आली.

"येवा," एवढंच म्हणाली.

शेजारचा तुकाराम पखवाज घेऊन तयार होता. त्याने पेटीकडे पाहिलं, मग सर्वेशच्या बोटांतल्या टाळांकडे.

"बुवा कोण तुमच्यातलो?"

सोनलला पेटीचा भाता सापडेना. सर्वेश टाळांची दोरी पुन्हा गुंडाळू लागला.

"आमचो बुवा गेलो, काकानू," जानकी म्हणाली.

तुकाराम वरमला. "मगे नुसतो गजर तरी करा."

सर्वेशने तोंड उघडलं. समोर हार घातलेला फोटो होता, आणि फोटोत तो निळा शर्ट. देवगडला दोघांनी मिळून घेतलेला. गजराऐवजी तो त्या शर्टाकडेच बघत राहिला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. एकजण खाकरला.

गोदूबाईने सर्वेशशेजारी बसकण मारली आणि टाळ त्याच्या हातातून काढून घेतले.

"तुकाराम, चाय झाली काय बघ आत. मंडळाक जरा दम खावंदे."

तुकाराम आत गेल्यावर ती दोरी सोडवत बसली. मग अगदी हळू बोलली.

"दर म्हयन्याक माझो झील भजन करून येय. पण एकदाय त्याचो घसो बसलो नाय."

सर्वेशने दचकून दाराकडे पाहिलं, तुकाराम अजून आतच होता.

"जाताना मातर अत्तर लावी, मेलो."

"काकी, मगे आमका कित्याक बोलावलास?"

"तू असोच येवन रडलो असतंस, तर वाडीन इचारला असता, हो कोण?" तिने दोरी आपल्या बोटांना घट्ट गुंडाळली. "भजनात रडलेल्याक कोण इचारूचो नाय."

मग ती शर्टातल्या जानकीकडे वळली.

"तू सुरू कर गो."

बायकांनाच मारतात ती 'गो'ची हाक ऐकून जानकीने खाली मान घातली. पण सुरुवात तिनेच केली. विठ्ठलाचं नाव, बेसूर आणि मोठ्याने. सोनलने तिच्या मागून म्हटलं. तुकाराम चहा तसाच सोडून धावत आला आणि पखवाजावर थाप पडली. आवाज खळ्याबाहेर गेला.

सर्वेश रडला. बारा दिवसांचं, हमसून हमसून, प्रितेशच्या फोटोसमोर, सगळ्या वाडीच्या देखत.

"बघ गो," एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "भक्ती म्हणतत ती ही."

गोदूबाईने ऐकलं. तिने टाळ आणखी जोरात वाजवायला घेतले.