बिज्याची साल

कुरखेड्याकडच्या त्या गावात जंगल राखायची पाळी घराघराला येई. ज्याची पाळी संपे तो राखणीची काठी पुढच्या दारात टेकवून जाई. जंगलाशी बेईमानी करणाऱ्याचं दार मात्र काठी कायमचं वगळे. गावात याहून मोठी नामुष्की नव्हती.

त्या दिवशी काठी इस्तारीकडे होती. शुगरसाठी बायकोनं दिलेला भुईनिंबाचा कडू काढा नाक दाबून पिऊन तो निघाला. सोबत खुशबू, जंगलातल्या जिवांची नोंद करणारी कॉलेजची पोरगी.

"वानरं भरपूर, म्हणून जगाच्या यादीत त्याईची चिंता नाई," ती म्हणाली. "बिज्याचं झाड मात्र धोक्याच्या जवळ पोचलं."

हे सांगायला यादी कशाला, इस्तारीला वाटलं. वानर पोटाशी पिल्लू धरून पळतं तरी, बिजा बिचारा कुठं जाणार!

आणि समोरच जुना बिजा सोललेला दिसला. लाल चीक ओघळत होता. शेजारचा मुखरू तिथंच काड्या वेचत होता.

"वानरानं सोललं असंन, भाऊ," तो घाईनं बोलला.

इस्तारीनं सालीच्या कडांवरून बोट फिरवलं. सरळ, सुरीनं कापलेल्या. मुखरूच्या आईला शुगर, आणि शुगरवर बिजा देतात हे शेंबडं पोरही सांगेल.

"हात दाखव."

हात स्वच्छ होते. बिज्याचा डाग सहजी निघत नाही हे इस्तारीला ठाऊक होतं, तरी त्याचं मन म्हणालं, धुतले असतील. संशय एकदा डोक्यात शिरला की असंच होतं.

"संध्याकाळी सभेत तुह्यं नाव घेतो."

"घ्या," मुखरू म्हणाला आणि काड्या बांधू लागला.

इस्तारी धुसफुसत घरी आला. बायको रंभा न्हाणीत पदर घासत होती. पदरावरचा लाल डाग काही निघत नव्हता.

"काय होय हे?"

रंभानं पदर खाली टाकला. "भुईनिंबानं शुगर उतरत नव्हती तुमची. म्हणून काढ्यात साल टाकून राह्यली होती. मुखरूनं पायलं मले. मीच त्याले म्हटलं, कोणाले सांगू नको."

इस्तारीच्या जिभेवर सकाळचा कडूपणा परत आला. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

सभा भरली. मुखरू मान खाली घालून बसला होता. इस्तारीनं काठी त्याच्या मांडीवर ठेवली.

"आता ही माह्या दारात ठेवू नका," तो गावाला म्हणाला. "साल माह्याच पोटात गेली."