टॅपेटची चावी

बदलापूर मागे पडलं, जांभूळकडे फुटणारा रस्ताही गेला आणि अंबरनाथच्या अलीकडे दौलतरावांची मोटारसायकल तिसऱ्यांदा बंद पडली. आधी दोनदा पाच-दहा मिनिटं थांबल्यावर ती चालू झाली होती. या वेळी किक पायाखाली भुसकन खाली गेली, जणू आत इंजिन नव्हतंच. पंधरा-वीस किका मारून त्यांची पोटरी भरून आली, तरी गाडीने साधं खोकूनही दाखवलं नाही.

मागे बसलेली राजाबाई कशीबशी उतरली आणि रस्त्याकडेच्या एका बंद गाळ्याच्या पायरीवर टेकली. तिचे पाय चपलेत मावत नव्हते इतके सुजले होते. दोन शब्द बोलली की मध्ये श्वास घ्यायला थांबत होती.

तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागायचं. मंगळवार, गुरुवार, शनिवार, उल्हासनगरच्या एका ट्रस्टच्या सेंटरमध्ये. या गुरुवारी पाइपलाइनच्या कामामुळे तिकडचं पाणी बंद होतं आणि पाण्यावाचून मशीन चालत नाही. म्हणजे मंगळवारपासून तिच्या अंगातलं पाणी अंगातच साचत होतं. सेंटरमधल्या प्रज्वलने काल संध्याकाळी फोन केला होता, "काका, शनिवारी कसंही करून आणा. साडेअकराला मशीन ठेवतो. फार तर साडेबारापर्यंत थांबेन."

आणि नेमका शनिवारी बंद पुकारला गेला. रिक्षा नाही, टमटम नाही, दुकानाचं एक शटर वर नाही. ॲम्ब्युलन्सला दौलतरावांनी सकाळीच फोन लावला होता. गाड्या सगळ्या बाहेर गेल्यात, दोन तास तरी लागतील, असं उत्तर आलं. लोकलने जावं तर स्टेशनचे जिने चढायचं तिच्यात बळ नव्हतं. तेव्हा उरली ती ही चौदा वर्षांची गाडी.

आता दहा वाजून वीस मिनिटं झाली होती.

गाडीला काय झालंय हे दौलतरावांना पक्कं माहीत होतं, आणि तेच त्यांना खात होतं. बुधवारी दुपारी इंजिनाची टिकटिक ऐकून त्यांचं डोकं उठलं होतं. अंबरनाथच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, तो टॅपेट सेट करायला मेकॅनिककडे कशाला जाईल? टॅपेटचा स्क्रू इंजिनातल्या व्हॉल्व्हवर दाबतो, त्याचं डोकं चौकोनी, इवलंसं. ते फिरवायची वेगळी चावी मिळते. ती नव्हती म्हणून त्यांनी सरळ पकडीने धरलं आणि टिकटिक बंद होईस्तोवर आवळलं. पकड दोनदा निसटली, चौकोनाचे कोपरे झिजले. आवाज गेला म्हणून ते खूश. पण व्हॉल्व्ह तापला की वाढतो, त्याला वाढायला केसाएवढी फट ठेवावी लागते. ती फटच त्यांनी मिटवून टाकली होती. आता गाडी तापली की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहत होता आणि इंजिनाचा दमच निघून जात होता; गार करून चालवली तरी थोड्या अंतरावर ती पुन्हा बंद पडणार होती.

"काय झालं हो?" राजाबाईने विचारलं.

"काही नाही. गरम झालीये."

"मग असं... तोंड का केलंय?"

त्यांनी डिकीतून हत्यारांची पिशवी काढली. नऊचा पाना होता, पकड होती, स्क्रू-ड्रायव्हर होता. झाकण खोलून त्यांनी पकड लावून पाहिली. ती लगेच निसटली. चौकोन आता चौकोन राहिलाच नव्हता. बाजारातली चावी हातात असती तरी ती त्यावर गरगर फिरली असती. दौलतराव तिथेच उकिडवे बसले. अठ्ठावीस वर्षं लोकांचे डाय-साचे बनवले, आणि बायकोला मारायची तयारी स्वतःच्या हाताने केली.

तेवढ्यात राजाबाईच्या पाठीमागचं शटर वीतभर वर झालं.

"कौन है?" आतून बाईचा आवाज आला.

"पेशंट आहे, ताई. गाडी बंद पडलीये," दौलतराव म्हणाले.

शटर गुडघ्यापर्यंत वर आलं. चाळिशीची एक बाई वाकून बाहेर बघत होती, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा. आत ग्रिल आणि गेटं भिंतीला टेकवून ठेवलेली. राजाबाईचे पाय बघितले आणि ती म्हणाली, "अरे साईं, मौसीला आत घ्या पहिलं. लवकर. बंदवाली पोरं मघाशीच दगड घेऊन फिरत होती."

सोनिया तिचं नाव. उल्हासनगरच्या कॅम्प एकमध्ये राहायची. एका गेटची ऑर्डर अडली होती म्हणून बंद सुरू व्हायच्या आत पहाटेच येऊन तिने स्वतःला कोंडून घेतलं होतं. दोघांनी मिळून राजाबाईला खुर्चीत बसवलं, गाडी आत ढकलली आणि शटर पुन्हा खाली ओढलं. राजाबाईला मागे रेलता येईना. रेललं की श्वास कोंडायचा. ती पुढे वाकून गुडघ्यांवर हात टेकून बसली.

"ताई, एखादा आठचा बोल्ट मिळेल? लांब. आणि हॅक्सॉ, कानस."

"ग्राइंडर आहे ना, काका. दो मिनट का काम."

"आवाज बाहेर जाईल."

सोनियाने शटरकडे बघितलं. मग तिने खोक्यातून बोल्ट काढून दिला.

बोल्टच्या टोकाला आडवी खाच पाडायची, ती चौकोनाच्या दोन बाजू धरील, आणि बोल्ट फिरवला की स्क्रू फिरेल, असा त्यांचा बेत होता. त्यांनी बोल्ट टेबलावरच्या वाइसच्या जबड्यात आवळला, हॅक्सॉने शेजारी शेजारी दोन काप घेतले, मधला तुकडा छिन्नीने उडवला आणि कानस मारायला घेतली. टूलरूममध्ये हे काम त्यांनी गप्पा मारता मारता केलं असतं. आता मोतीबिंदूने एक डोळा असा धुरकटलेला की कानस खाचेत सरळ जाईना. मागे राजाबाईचा श्वास ऐकू येत होता. एकेक श्वास मोजायचा नाही असं ठरवूनही ते मोजत होते.

पंधरा मिनिटांनी त्यांनी बोल्ट स्क्रूवर बसवला आणि फिरवला. खाच सैल झाली होती. बोल्ट नुसताच सरकला आणि चौकोनाचा उरलासुरला कोपराही खरवडून गेला.

त्यांनी बोल्ट जमिनीवर आपटला. आवाज नको म्हणणारे तेच, आणि आवाज करणारेही तेच.

"राजे," ते म्हणाले, आणि तिच्यासमोर खाली बसले. "गाडी मीच बिघडवली. बुधवारी. तुला बोललो टकाटक झाली म्हणून. खोटं बोललो."

राजाबाईने डोळे उघडले. "मला... माहितेय."

"काय माहितेय?"

"पकड घेऊन... शिव्या देत होतात की. मी काय... बहिरी आहे?" तिला धाप लागली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बसू नका तिथं. उठा."

सोनियाने तोवर दुसरा बोल्ट वाइसमध्ये लावला होता. "काका, तुम्ही फक्त सांगा. हात माझा. रोज लोखंडच कापते मी."

दौलतरावांना एरवी हे सहन झालं नसतं. आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायचं त्यांच्या स्वभावात नव्हतं, बुधवारचा सगळा घोळ त्याच स्वभावाने केला होता. ते म्हणाले, "माप घ्यायला व्हर्निअर आहे?"

होता. टॅपेटच्या भोकातून तो चौकोनाला लावायला सोनियालाच जमलं, आकडाही तिनेच वाचला. "टू पॉइंट सिक्स, काका. एका साइडला जरा कमी."

"मग खाच अडीचची ठेव. त्याहून जास्त नको. ठोकून बसवायची, सुटता कामा नये. एक काप घे... हां, आता पातं सरळ. कानस पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. घासू नको, उचल."

सोनिया कानस मारत होती आणि दौलतराव डोळे मिटून नुसता आवाज ऐकत होते. कानस कुठे चावते, कुठे घसरते, ते आवाजावरून कळत होतं. "डावीकडे भार जातोय," ते म्हणायचे, आणि ती हात सरळ करायची. दर दोन मिनिटांनी ती माप घ्यायची. बाहेरून एकदा घोषणा देत घोळका गेला, शटरवर कुणीतरी काठी आपटली. दौलतराव आणि सोनिया श्वास रोखून बसले. राजाबाईला तो रोखता येईना, तिने पदर तोंडात कोंबला.

घोळका गेला. साडेअकरा वाजून गेले होते. मशीन आता मोकळं उभं असेल, दौलतरावांच्या मनात आलं. एका गोष्टीचं मात्र बरं झालं होतं, तेवढ्या वेळात इंजिन गार पडलं होतं. टॅपेट गार इंजिनावरच लागतो.

बोल्ट तयार झाला. दौलतरावांनी आधी नऊचा रिंग पाना स्क्रूला जखडणाऱ्या नटावर बसवला, मग पान्याच्या मधून बोल्ट खाली सोडला आणि डोक्यावर हातोडीने दोन हलके टोले दिले. खाच चौकोनावर घट्ट बसली. आता हिने दगा दिला तर धरायला काही उरणार नव्हतं.

"पाना तू धर," ते सोनियाला म्हणाले. "नट सोड. हळू."

नट सुटला. त्यांनी बोल्टच्या डोक्याला पकड लावली आणि उलटा पीळ दिला. काही हललं नाही. अजून जोर लावला. बोल्ट हातात किंचित पिळल्यासारखा वाटला, आणि मग स्क्रू करकन हलला. पाव फेरा. दौलतरावांच्या तोंडून हुंदक्यासारखं काहीतरी बाहेर पडलं.

फट मोजायला गेज नव्हता. त्यांनी राजाबाईच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट घेतलं, मागची चंदेरी पन्नी सोलली आणि दुपदरी केली. ती फटीत घालून त्यांनी स्क्रू पुन्हा अलगद आवळत आणला. पन्नी ओढली की जराशी अडखळून सुटत होती. "बस्स. आता मी बोल्ट हलू देत नाही, तू नट आवळ."

झाकण लागलं. पहिली किक फुकट गेली, पण ती जड होती, दम असलेली. तिसऱ्या किकेला गाडी चालू झाली. इंजिन टिकटिक करत होतं आणि दौलतराव वेड्यासारखे त्याकडे बघत राहिले.

"बघताय काय? निघा!" सोनियाने शटर वर ओढलं. आपल्या ओढणीने तिने राजाबाईला दौलतरावांच्या कमरेशी बांधलं, वाटेत तोल गेला तर पडू नये म्हणून. पैशाचं नाव काढायला तिने उसंतच दिली नाही.

अंबरनाथच्या एका नाक्यावर पोरांनी गाडी अडवली. एकाने चावी काढायला हात घातला. दौलतरावांनी चावी मुठीत झाकली. "बाबा, मला मार, काय करायचं ते कर, पण गाडी बंद करू नको." पोराने मागे पाहिलं. राजाबाईचे ओठ निळसर पडले होते. "जाने दे, जाने दे," तो मागच्यांना ओरडला.

ते सेंटरला पोचले तेव्हा एक वाजायला दहा कमी होते. प्रज्वल दारातच भेटला आणि त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. साडेबारापर्यंत थांबून त्याने मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं होतं.

"त्या पेशंटला आता चार तास लागतील, काका. मी काय करू?" म्हणता म्हणता त्याने राजाबाईच्या नाकाला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी तपासलं आणि दौलतरावांना बाजूला घेऊन सांगितलं, छातीत पाणी भरलंय, तासाभरात मशीन लागलं नाही तर अवघड आहे. दौलतराव भिंतीला टेकले. इतकं करून ते वीस मिनिटांनी चुकले होते.

पलीकडच्या खाटेवर दुसऱ्या मशीनला लावलेले आण्णा म्हणून एक म्हातारे पेशंट होते. मंगळवार-गुरुवारच्या ओळखीचे, बोलायचे कमी. त्यांनी हात वर करून प्रज्वलला बोलावलं. "माझा एकच तास बाकी आहे ना? काढ मला. दोन दिवस पाणी कमी पिईन."

"आण्णा, असं चालत नाही."

"डॉक्टरला विचार. आणि मला शिकवू नको, सात वर्षं इथं झोपतोय मी."

डॉक्टरांनी आण्णांचा रक्तदाब बघितला, थोडा विचार केला आणि मान हलवली. दीड वाजता राजाबाईच्या हातात सुया गेल्या. पहिला तास दौलतरावांनी तिच्या छातीवरची नजर हलवली नाही. तिसऱ्या तासाला ती आपणहून मागे रेलली आणि झोपली.

संध्याकाळी बंद उठला. मोटारसायकल सेंटरच्या आवारातच ठेवून त्यांनी रिक्षा केली. राजाबाईने दोन बिस्किटं खाल्ली, तिसरं नको म्हणाली आणि दौलतरावांच्या खांद्यावर डोकं टेकवलं. चामटोलीला घर येईपर्यंत ती गाढ झोपून होती, आणि ते खांदा न हलवता तसेच ताठ बसून राहिले.