अर्धी वाळू, अर्धं पाणी

रमाकांतांना जाऊन वर्ष होत आलं, तेव्हा कुठे सुलभाबाईंनी त्यांचा शेवटचा लाकडी ठसा छापायला घेतला. खामगावातल्या त्या मागच्या खोलीत दोघांनी सारा जन्म समुद्र छापला होता. हिवाळ्यात हर्णैला जायचं आणि परतून एकाच फळीवर कोरायचं. वरचा वाळूचा पट्टा रमाकांतांचा, खालचं पाणी सुलभाबाईंचं. होडी नाही, माड नाही, नुसते काळे पट्टे आणि रेघा. शेजारचे शेषराव म्हणायचे, "वहिनी, सतरंजी हाय का हे?"

सुलभाबाई देऊळगाव राजाच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या. रमाकांत जानेफळचे, पाण्याला जन्माचे भ्यालेले. हर्णैला सुलभाबाई लाटांतून हाका मारायच्या आणि ते वाळूवरूनच ओरडायचे, "समुद्र पाहाचा असते, त्यात शिराचं नसते!"

पुतणी रेवती मदतीला आली होती. पहिला कागद उचलला, तर वाळूच्या वरच्या अंगाला करंगळीच्या पेराएवढा पांढरा डाग.

"कचरा असंल, काकू."

ठसा पुसला, पुन्हा शाई फिरवली. दुसऱ्या कागदावर डाग थोडा खाली सरकलेला. तिसऱ्यावर आणखी खाली. बोट फिरवून पाहिलं तर लाकूड सपाट, शाईनं भरलेलं.

कागद दोरीवर ओळीनं वाळत घातले, तेव्हा रेवतीच म्हणाली, "काकू, कोणीतरी चालत येऊन राह्यलं."

"कोणीतरी काय? तुहे काका हायेत."

आता डाग पाण्याच्या कडेला पोचला होता आणि एकच कागद उरला होता.

"नका छापू, काकू. थांबू द्या तिथंच."

सुलभाबाईंनी ठसा पुढ्यात ओढला. जन्मभर ज्यांना बोलावलं, ते आज निघाले होते. आणि समोरचं पाणी सुलभाबाईंनीच कोरलेलं, काळंभोर, गळ्याच्याही वरचं. त्यांनी कोरणी उचलली.

"काकू! ठसा बिघडंल ना!"

"त्यायले पोहता येत नाही, माय."

कडेपासून त्या आपलंच पाणी खरवडत निघाल्या. लाकूड निघालं की तिथे शाई लागत नाही, कागद कोरा राहतो. पाय टेकण्यापुरती कोरडी जागा करायची होती, पण हात थांबेना. छिलके मांडीवर, पदरावर पडत राहिले. लाटा गेल्या, रेघा गेल्या.

मग शाई फिरवली, ओलसर कागद ठेवला, प्रेसचं चाक ओढलं. दोघींनी कागद दोन टोकांना धरून उचलला.

वाळू सगळी काळी होती. डाग तिच्यावर कुठेच नव्हता. तिच्यापुढे पार कागदाच्या काठापर्यंत कोरं पांढरं.

"कुठं गेले वं?" रेवतीनं विचारलं.

सुलभाबाई शोधत राहिल्या. पांढऱ्यात पांढरा माणूस कुठवर आलाय, हे कसं दिसावं? कोरडी जागा करताना हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

रेवती कागद दोरीवर टाकायला निघाली.

"सोड," त्या म्हणाल्या, आणि तो दोन्ही तळहातांवर आडवा घेऊन खाली बसल्या. "उभा नको धरू. पडतीन ते."