मोड आलेले हुलगे

जयमालाने हुलग्याच्या शेंगोळ्यांची थाळी पुढे सरकवली, तसा तुषारने आधी मोबाईल काढला. शेंगोळे निवले तरी त्याचे फोटो संपेनात. तीन महिने हेच चाललं होतं. कळसूबाई ते भीमाशंकर आठ दिवसांची पायपीट करायची म्हणून साखर बंद, मैदा बंद, पाकिटातलं सगळं बंद. आणि हा व्रतस्थ माणूस सुप्याच्या कंपनीतून परतताना भेळ हाणून येतो, हे मिशीला चिकटलेली शेव रोज सांगायची.

"हुलग्यात प्रोटीन किती असतं, माहितीये का तुला?"

काष्टीला माहेरी हुलगे पाखडत जी लहानाची मोठी झाली, तिला हा माणूस हे विचारत होता!

"न्हाई बा. तुमीच सांगा."

त्याने खरंच सांगितलं, चांगली दहा मिनिटं. तिला हसूसुद्धा आलं नाही, नुसती कीव आली.

दोन स्वयंपाक कोण करणार, म्हणून तीही तेच खायची. बाजरीची भाकरी, मोड आलेले हुलगे, मूठभर शेंगदाणे. पहाटे सरावाला त्याच्यासोबत जायची. दहा पावलं चढला की साहेबांची पाठ धरायची आणि सॅक तिच्या पाठीवर यायची.

"मलाबी येऊ द्या की डोंगरात," एकदा ती म्हणाली होती.

"तू? अगं, ते काय माहेरपण आहे का?" तो ठसका लागेपर्यंत हसला.

त्या दिवसापासून तो तिच्या मनातून उतरला. इच्छा मात्र उतरली नाही. जन्मात एकदा, कुणाचं काहीही न करता, आठ दिवस नुसतं चालायचं होतं तिला.

रविवारी चांदबिबी महालाच्या डोंगरावर त्या पायपिटीसाठी निवड होती. जागा एकच उरलेली. आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन चाळीस मिनिटांत वर पोहोचायचं. गटाची प्रमुख राजनंदिनी घड्याळ घेऊन वर थांबली होती.

सरावासारखीच जयमाला आजही सोबत होती. दुसऱ्या वळणावर तुषार दगडावर बसला. काल रात्रीची भेळ त्याच्या चेहऱ्यावर दिसत होती.

"जरा धर गं. वर पोचायच्या आधी घेतो तुझ्याकडून. तू हो पुढं."

तिने सवयीने सॅक चढवली. एरवी ती त्याच्याजवळ टेकली असती. आज तिला तिथे उभं राहायचीही किळस आली. ती चालू लागली आणि मागे न बघता चालतच राहिली.

वर राजनंदिनीने सॅक उचलून पाहिली.

"ही तुषारसरांची ना?"

"त्यांचीच. पण रोज मीच आणते."

राजनंदिनीने घड्याळ पाहिलं. चौतीस मिनिटं झाली होती. मग तिने जयमालाकडे नीट पाहिलं. घाम होता, धाप नव्हती.

"तुम्हाला यायचंय?"

"व्हय." उत्तर इतकं चटकन आलं, की जयमालाच दचकली.

राजनंदिनीने फॉर्म काढला. नाव, वय, गाव लिहून झालं.

"आणि अडीअडचणीला फोन करायचा तर मागं घरी कोण असेल?"

जयमालाने खाली पाहिलं. तिसऱ्या वळणावर तुषार दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा होता आणि पाण्यासाठी हाका मारत होता. बाटली उघडून ती पोटभर पाणी प्यायली.

"नवरा आसंल," ती म्हणाली. "ल्ह्या त्याचा नंबर."