पुलापलीकडचा मिस्त्री

नव्या इंजिनात मी पुलावरच मेलो. म्हणजे मी नाही, बायकोच्या खेळातला लंगडा पहारेकरी. त्याला ती माझ्यावरून मिस्त्री म्हणायची, कारण तोही माझ्यासारखा हळू चालायचा आणि विचारल्याशिवाय बोलायचा नाही.

बायको जाऊन चार वर्षं झाली. मागच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर ती वर्षानुवर्षं एकच खेळ खेळली. तलवारी, जंगल आणि भेटेल त्याच्याशी गप्पा. गप्पा पडद्यावर लिहून यायच्या. पन्नाशीनंतर मी अक्षर शिकलो ते त्याच गप्पांवर, कारण तिने वाचून दाखवायचं बंद केलं. शेवटी शेवटी ती एकटीच खेळायची. खेळ अखेरच्या दरवाजाशी थांबला होता. तो पुरा करावा, एवढंच माझ्या मनात होतं. पण कॉम्प्युटर बंद पडला, नव्या कॉम्प्युटरवर खेळ चालेना आणि तो बनवणारी कंपनी कधीच बुडालेली.

मुलगी म्हणाली, त्याचं इंजिन आम्ही नव्याने लिहितोय. आम्ही म्हणजे सात जण, कोणीच कोणाला पाहिलेलं नाही. चित्रं, आवाज, बोलणी जुन्या डिस्कवरचीच. ती चालवणारा भाग तेवढा नवा, आणि तो कोणीही उघडून बघावा, सुधारावा. मला हे लगेच कळलं. कारखान्यात बुडालेल्या कंपनीच्या मशीनचं गिअर तुटलं की आम्हीही माप घेऊन नवं कापायचो.

आईने खेळ सेव्ह केलेली शेवटची फाइल तिने जुन्या डिस्कवरून काढून नव्या इंजिनात उघडली. बायको दरवाजाशी उभी, एकटी. मिस्त्री गायब. मुलीने कारण शोधून काढलं. पूल कोसळतो तेव्हा पहारेकऱ्याने मरायचं असतं. पण आधीच त्याला खालच्या नावेत बसवलं, तर जुना खेळ त्याला मारायला विसरायचा. सातांपैकी एकाने, ज्याला सगळे घुबड म्हणतात, ही चूक दुरुस्त केली होती. आता फाइल उघडताना मेलेला माणूस जिवंत सापडला की इंजिन त्याला काढून टाकायचं.

"बरंच झालं की, बाबा," मुलगी म्हणाली. "एकटी असली की दरवाजा सरळ उघडतो. दोन मिनिटांत संपेल."

मी म्हटलं, मग तुझी आई तिथे थांबली कशाला? तिने घुबडाला ती दुरुस्ती काढायला सांगितलं.

घुबडाचं म्हणणं, चूक ती चूक. मी मुलीकरवी कळवलं की झिजलेल्या गिअरला जोडीदार कापताना नुसत्या नकाशाप्रमाणे कापलं तर मशीन ओरडतं, समोरची झीजही मोजावी लागते. घुबडाने कळवलं, उदाहरण आवडलं, पुरावा द्या. जुना खेळ तसाच वागायचा हे दाखवल्याशिवाय काही बदलायचं नाही, असा त्यांचा नियमच आहे.

पुरावा जुन्या कॉम्प्युटरात होता. त्याचा पंखा जाम झाला होता. त्याची दांडी ज्यात फिरते तो पितळेचा बुश घासून बसवला. कॉम्प्युटर अकरा मिनिटं चालला, मग धूर सोडून कायमचा गेला. तेवढ्या वेळात आम्ही पुलाआधीची फाइल उघडली, मिस्त्रीला नावेत बसवलं आणि पूल पाडला. मिस्त्री पलीकडच्या काठावर उभा राहिला, कपडेसुद्धा न झटकता. मुलीने ते फोनवर टिपलं.

दुसऱ्या दिवशी घुबडाने चूक परत घातली आणि नोंदीत लिहिलं, 'मिस्त्रींच्या सांगण्यावरून बिघाड पूर्ववत.' चाळीस वर्षांच्या नोकरीत माझ्याबद्दल इतकं चांगलं कोणी लिहिलं नव्हतं.

फाइल पुन्हा उघडली. बायको दरवाजाशी, मागे मिस्त्री. या वेळी दरवान बोलला. मी सावकाश वाचलं, "आत एकालाच जाता येईल. सोबत्याला इथेच सोडावं लागेल."

मुलगी फाइलींची यादी खालपर्यंत बघत गेली.

"बाबा, शेवटच्या दोनशे बारा फाइली इथल्याच आहेत. रोजची एक."

हॉस्पिटलात जाईपर्यंत ती रोज त्या खोलीत बसायची. झाला का खेळ, असं मी विचारायचो. ती म्हणायची, कुठे, अजून बराच आहे.

"आत जायचं बटण दाबू का?" मुलीने विचारलं.

मी तिला थांबवलं. मिस्त्री वाटेत उभा होता, त्याला जरा कडेला घेतलं आणि खेळ सेव्ह केला. दोनशे तेरा.