निपचित

घरात बायकोच्या तोंडाला लागायची त्या नवरोबाची छाती नव्हती. म्हणून त्यानं दोघं मिळून नाचत त्या बॅलेचा शेवटचा प्रवेश गाठला. त्यात ती प्रेमापायी जीव देऊन निपचित पडलेली असायची आणि तो, तिचा प्रियकर, तिच्यावर कोसळून रडायचा.

आजही कोसळला आणि कानाशी पुटपुटला, "उद्यापासून ही भूमिका तुझी धाकटी बहीण करणार. घरीही तीच येतेय."

तिच्या जिभेवर एकेक शेलकी शिवी आली. पण प्रेतानं बोलायचं कसं? डोळ्यांतून पाणी मात्र ओघळलं.

पडदा पडला. ती तोंड उघडणार, तोच नृत्यशिक्षक खेकसले, "मेलेली बाई कधी रडते का?"

नवरा हळहळला, "काय करणार, सर! हिला धड मरताही येत नाही."